नळीभोंवतालची त्वचा : गृहशुश्रूषेंतील एक दुर्लक्षित प्रकरण

पूर्वीं दुर्धर आजाराचा माणूस घरीं आणला म्हणजे त्याच्या अंथरुणाशेजारीं पाण्याचा तांब्या, औषधाची बाटली आणि फार तर शेकाची पिशवी एवढेंच साहित्य असे. आज तसें राहिलेलें नाहीं. घशाच्या किंवा अन्ननलिकेच्या कर्करोगानें ज्याला घांस गिळवत नाहीं, त्याच्या पोटावर अन्न घालण्याची नळी असते. ज्याचा मूत्रमार्ग रोगानें दाबला गेला आहे, त्याच्या पाठींतून मूत्रपिंडापर्यंत नळी गेलेली असते. काविळीनें पिवळ्या पडलेल्या रोग्याच्या बरगडीजवळून पित्त बाहेर आणणारी नळी निघते. कोणाच्या पोटांत सांचलेलें पाणी नळीवाटे काढावें लागतें, तर कोणाचा श्वासच गळ्यांतील नळीवाटे चालतो. इस्पितळांतून निघतांना अन्न किती घालावें, पिशवी केव्हां रिकामी करावी, नळी कशी धुवावी, हें सर्व घरच्यांस समजावून देण्यांत येतें. परंतु जेथून ती नळी शरीरांत शिरते त्या रुपयाएवढ्या जागेविषयीं कोणी फारसें बोलत नाहीं. आणि पुढें रोग्याचे व घराचे जे हाल होतात, ते पुष्कळदां त्या रुपयाएवढ्या जागेपायींच होतात.

नळी गळूं लागते. प्रथम कपड्यावर डाग दिसतो, मग भोंवतालची त्वचा लाल होते, तिची आग होऊं लागते आणि थोड्याच दिवसांत ती ओली व सोलवटलेली दिसूं लागते. रोगी कूस बदलावयास भितो. अंगावरचें पांघरूण त्यास सोसवत नाहीं. वास येत असेल या शंकेनें तो नातवंडांस जवळ येऊं देत नाहीं. मुख्य दुखण्याच्या वेदनेवर मॉर्फिन मिळतें. या आगीवर मात्र “हें असें व्हायचेंच” एवढेंच उत्तर त्याच्या पदरांत पडतें. तें उत्तर बरोबर नाहीं. गळती दर वेळीं थांबवितां येईलच असें नाहीं. पण त्वचा जळूं न देणें बहुतेक घरांत साध्य होण्यासारखें आहे, आणि तें शिकावयास वैद्यकाची पदवी लागत नाहीं.

त्वचा कां जळते?

निरोगी त्वचेचा वरचा थर किंचित् आम्ल असतो, आणि त्या सौम्य आम्लतेमुळें उपद्रवी जंतूंस तेथें सहसा ठाव मिळत नाहीं. हा थर सतत ओला राहिला म्हणजे फुगतो, पांढरट होतो व थोड्याशा घर्षणानेंही सुटूं लागतो. फार वेळ धुणें धुतल्यावर बोटांची कातडी कशी होते, तें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. नुसत्या ओलाव्यानें एवढें होतें. मग त्या ओलाव्यांत पाचक रस मिसळलेला असल्यास काय होत असेल?

या प्रश्नाचें उत्तर वैद्यकास एका विलक्षण अपघातानें मिळालें. ६ जून १८२२ रोजीं उत्तर अमेरिकेंतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नांवाच्या तरुणास बंदुकीचा बार चुकून लागला. तेथील लष्करी सर्जन विल्यम बोमाँट यांनीं त्याचा जीव वांचविला, परंतु जठरापर्यंत गेलेलें छिद्र कायमचें उघडें राहिलें. आरंभीं खाल्लेलें सर्व अन्न त्या छिद्रांतून बाहेर येई. पुढें बोमाँट यांनीं मांस, पाव व कोबी यांचे तुकडे रेशमी दोऱ्यास बांधून त्या छिद्रावाटे जठरांत सोडले व त्यांचें काय होतें तें पाहिलें. जठरांतील रस त्यांनीं कुपींत काढून घेतला, शरीराइतक्या उष्णतेंत ठेवला आणि दाखवून दिलें कीं तो शरीराबाहेरही मांस पचवितो. त्यांचा ग्रंथ १८३३ सालीं प्रसिद्ध झाला. आपल्या विषयापुरता त्यांतील बोध इतकाच कीं अन्न कोणतें आणि आपल्याच धन्याची त्वचा कोणती, हा भेद पाचक रसास कळत नाहीं.

सगळ्या नळ्यांतील पाझर सारखा नसतो. जठराच्या नळीभोंवतालून येणारा रस तीव्र आम्ल असतो. लहान आंतड्यांत घातलेल्या नळीभोंवतालचा पाझर आम्ल नसला तरी त्यांत स्वादुपिंडाचे रस व पित्त असतें. प्रथिनें व स्निग्ध पदार्थ विरघळविणारीं द्रव्यें तेथें पूर्ण जोमांत असतात, म्हणून तो सर्वांत दाहक, आणि कांहीं तासांतच त्वचा सोलून काढतो. मूत्र ताजें असतां फारसें झोंबत नाहीं. तें सांचून राहिलें व त्यांत जंतु वाढले म्हणजे अमोनिया होऊन त्वचेस जाळतें. पोटांत सांचलेलें पाणी त्या मानानें निरुपद्रवी, पण त्याचा ओघ मोठा, त्यामुळें भिजण्याचा त्रास अधिक. कोणती नळी कोठें संपते हें इस्पितळांतून निघतांनाच विचारून लिहून घ्यावें. पुढची सारी व्यवस्था त्यावर अवलंबून असते.

प्रथम कारण शोधावें

छपरास गळती लागली असतां खालीं नुसतें भांडें ठेवून भागत नाहीं. कौल कोठें सरकलें आहे तें पाहावें लागतें. नळीचेंही तसेंच आहे.

पोटाच्या नळीस आंतून एक बोंडी किंवा पाण्यानें फुगविलेला फुगा असतो व बाहेरून एक चकती असते. दोहोंच्या पकडीनें नळी जागेवर राहते. फुग्यांतील पाणी हळूहळू कमी होतें. तें कोणी, केव्हां व किती भरावें हें परिचारिकेकडून शिकून घ्यावें व सांगितलेल्या दिवशीं तपासावें. छिद्र पूर्ण भरून आल्यावर बाहेरची चकती व त्वचा यांमध्यें साधारणपणें अर्धा ते एक सेंटिमीटर मोकळीक असावी. चकती सैल सुटली तर नळी आंतबाहेर हलून छिद्र रुंदावतें. गळती थांबावी म्हणून ती आंवळून बसविली तर खालची त्वचा दाबानें मरते व गळती उलट वाढते. नळीवर सेंटिमीटरच्या खुणा असतात. कोणती खूण त्वचेपाशीं आहे तें रोज पाहावें. नळी एका बाजूस ओढली जाऊं नये म्हणून ती पोटावर चिकटपट्टीनें अलगद बांधावी.

पुष्कळदां कारण नळींत नसून पोटांतील दाबांत असतें. मॉर्फिननें बद्धकोष्ठ होतें, बद्धकोष्ठानें पोट तट्ट फुगतें आणि फुगलेल्या पोटांतील रस वाट मिळेल तेथून बाहेर येतो. यास्तव मॉर्फिनबरोबर सारक औषध देण्यास विसरूं नये. सततचा खोकला, वायु आणि पोटांत सांचलेलें पाणी यांनींही हेंच होतें. अन्न भराभर लोटूं नये. थोडें थोडें, अधिक वेळां द्यावें. देतांना आणि दिल्यावर तासभर रोग्याची पाठ व डोकें उशांनीं उंच ठेवावें. जठरांतील आम्लता कमी करणारीं औषधें डॉक्टर देतात. त्यांनीं गळती थांबली नाहीं तरी पाझराचा दाह कमी होतो.

अधिक जाड नळी घातल्यानें गळती थांबेल अशी समजूत सार्वत्रिक आहे. वरवर ती पटण्यासारखी आहे, पण अनुभव उलट आहे. जाड नळीनें छिद्र आणखी ताणलें जातें व कांहीं दिवसांनीं तीही गळूं लागते.

पाठींतील मूत्रपिंडाच्या नळीभोंवतीं ओल आली आणि पिशवींतील मूत्र कमी झालें, तर नळी कोठें तरी मुडपली आहे किंवा आंतून बुजली आहे असें समजावें. रोगी नळीवर निजला नाहीं ना, पिशवी कमरेच्या खालच्या पातळीवर आहे ना, हें आधीं पाहावें. तेवढ्यानें वाहूं लागली नाहीं तर त्याच दिवशीं इस्पितळ गांठावें. पित्ताच्या नळीसही हाच नियम लागू आहे.

धुणें, टिपणें व लेप

हात धुवून बसावें. कोमट पाणी, सौम्य साबण आणि उकळून वाळविलेलें जुन्या धोतराचें मऊ फडकें एवढें पुरे. छिद्राकडून बाहेरच्या बाजूस पुसत जावें. चकतीखालचा भाग कापसाच्या काडीनें टिपावा. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा तीव्र जंतुनाशक रोज वापरूं नये. तीं जंतूंबरोबर नव्या त्वचेसही मारतात. घासूं नये, टिपावें. आणि मग पांच मिनिटें वारा लागूं द्यावा. ओल्या त्वचेवर लावलेलें कोणतेंही मलम टिकत नाहीं.

त्यावर आड बसेल असा लेप हवा. सर्वांत स्वस्त व कोठेंही मिळणारा म्हणजे जस्ताच्या मलमाचा, म्हणजे झिंक ऑक्साइडचा. खालची त्वचा दिसणार नाहीं इतका तो लावावा. पुढच्या वेळीं सारा लेप खरवडून काढण्याची जरूर नाहीं. घाण झालेला वरचा थर तेवढा पुसून नवा द्यावा. दिवसांतून एकदां पातळ पॅराफिन तेलानें सर्व काढून त्वचा नीट पाहावी. दुसरा उपाय म्हणजे त्वचेवर पारदर्शक पापुद्रा धरणारें द्रव्य. तें फवाऱ्याच्या रूपांत व टिपणाच्या रूपांतही मिळतें. घेतांना मद्यार्करहित आहे ना हें विचारावें, नाहीं तर सोललेल्या त्वचेवर तें असह्य झोंबतें.

पाझर टिपण्यासाठीं गॉझचा एकच थर किंवा मऊ फोमची पट्टी ठेवावी व भिजतांच बदलावी. ओला गॉझ तसाच ठेवणें म्हणजे आम्लाची पट्टी बांधून ठेवणें होय. चकतीखालीं घड्यांवर घड्या कोंबूं नयेत. त्यानें नळी वर ओढली जाते.

घरगुती उपायांविषयीं दोन शब्द सांगणें भाग आहे. हळद आपल्या घरांत मानाची खरी, पण येथें तिचा रंग त्वचेची लाली झांकतो व कण छिद्राच्या कडेस बसतात. अंगास लावण्याच्या सुगंधी भुकटीचे ओलाव्यानें गोळे होतात. खोबरेल किंवा तूप लावल्यावर कोणतीही चिकटपट्टी धरत नाहीं. आपल्याकडील सांवळ्या वर्णावर लाली लवकर दिसत नाहीं, हेंही लक्षांत ठेवावें. तेथें त्वचा अधिक काळपट, तकतकीत, उष्ण किंवा ताठ लागते काय, तें हातानें व उजेडांत पाहावें.

कांडोळाच्या डिंकाची कथा

त्वचा सोलून पाझरूं लागली म्हणजे मलम तिच्यावर धरतच नाहीं. या अडचणींतून वाट दाखविणारा पदार्थ आपल्याच रानांतला आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. पांढऱ्या खोडामुळें चांदण्यांत भुतासारखा दिसतो म्हणून ज्यास भुत्या म्हणतात, त्या कांडोळाच्या झाडाचा डिंक व्यापारांत ‘कराया’ नांवानें ओळखला जातो. सातपुड्यासारख्या कोरड्या रानांतून तो गोळा होतो. पाण्यांत तो विरघळत नाहीं, तर अनेक पटींनीं फुगून चिकट होतो. या गुणामुळें कृत्रिम दांत हिरड्यांस चिकटून राहावेत म्हणून त्याची पूड वापरीत असत. अमेरिकेंतील क्लीव्हलंड क्लिनिक येथील सर्जन रूपर्ट टर्नबुल यांनीं १९५२ सालीं ही पूड पोटावर आंतड्याचें तोंड काढलेल्या रोग्यांच्या सोलवटलेल्या त्वचेवर वापरली. पूड ओल शोषून घेई, त्वचेस धरून बसे, आणि तिच्यावर पिशवी चिकटवितां येई. त्यांच्याच एक रुग्ण नॉर्मा गिल यांनीं १९५८ पासून त्यांच्याबरोबर अशा रोग्यांची काळजी घेण्याचें काम हातीं घेतलें आणि १९६१ सालीं तेथें या कामाचें शिक्षण देणारी शाळा निघाली. स्वतः सोसलेल्या स्त्रीनें उभें केलेलें हें शास्त्र आज परिचर्येची एक स्वतंत्र शाखा झालें आहे.

आतां डिंकाची जागा बहुतांशीं पेक्टिन, जिलेटिन व कार्बॉक्सिमिथिलसेल्युलोज यांच्या मिश्रणानें घेतली आहे. त्याच्या चकत्या, लुकण व पूड औषधांच्या मोठ्या दुकानांत मिळते. सोललेल्या जागेवर ही पूड भुरभुरावी, जास्तीची झटकून टाकावी, वरून पापुद्रा धरणारें द्रव्य टिपावें, वाळूं द्यावें आणि असें दोन-तीनदां करावें. त्या खपलीसारख्या थराखालीं त्वचा भरून येते. बाजारांतील कच्चा डिंक मात्र कुटून लावूं नये. त्यांत साल व माती असते.

पाझर थोपवेना, तर तो धरावा

दिवसांतून चार-सहा वेळां गॉझ बदलूनही अंथरूण भिजत असेल, तर आणखी गॉझ लावण्यांत अर्थ नाहीं. अशा वेळीं आंतड्याच्या तोंडास लावतात तशी पिशवी नळीभोंवतीं लावतात. चकतीस छिद्राच्या मापाचें भोंक कापावयाचें, कडेच्या फटी लुकणानें भरावयाच्या, नळी पिशवींतून बाहेर काढावयाची. पहिली पिशवी परिचारिकेच्या हातून लावून घ्यावी, दुसरी तिच्या देखत आपण लावावी. पिशवी महाग वाटते खरी. पण नीट बसली तर ती कांहीं दिवस टिकते, आणि रोज धुवाव्या लागणाऱ्या चादरी, तुटणारी झोंप व रोग्याचा संकोच यांचाही कांहीं हिशेब धरावयास हवा. पिशवीमुळें पाझर किती तेंही मोजतां येतें. पोटांतील पाणी काढल्यावर सुईच्या जागेंतून ओघळ चालू राहिला तर त्यावरही लहान पिशवी लावतां येते. रोग्यानें विरुद्ध कुशीवर निजल्यासही ओघळ कमी होतो.

केव्हां वाट पाहूं नये

ताप व थंडी, छिद्राभोंवतीं वाढत जाणारी सूज, उष्णता किंवा पू, रक्त, अन्न घालतांना पोटांत तीव्र कळ, नळी आंतबाहेर मुळींच न हलणें, यांपैकीं कांहीं दिसल्यास अन्न थांबवून डॉक्टरांस कळवावें. मुख्य लालीभोंवतीं बारीक सुटे लाल ठिपके व खाज असल्यास तो बहुधा बुरशीचा संसर्ग असतो. त्यास वेगळें औषध लागतें, नुसतें मलम पुरत नाहीं. छिद्राच्या कडेस लाल, ओलसर, हात लागतांच रक्त येणारें मांस वाढल्यास तें कापूं किंवा बांधूं नये. नळी सर्वस्वीं निघून आली तर छिद्र कांहीं तासांतच आकसूं लागतें. स्वच्छ कापड ठेवून, निघालेली नळी बरोबर घेऊन तांतडीनें इस्पितळांत जावें. नळी बसवून थोडेच आठवडे झाले असतील तर ती घरीं परत सारण्याचा प्रयत्न कदापि करूं नये.

घरानें काय करावें

एकत्र कुटुंबांत माणसें पुष्कळ, पण हें काम बहुधा एकाच सुनेच्या वांट्यास येतें. दिवसां स्वयंपाक, रात्रीं दोनदां उठून चादर बदलणें आणि पहांटे पुन्हा चूल, असें महिनोन्महिने चाललें म्हणजे रोग्याच्या आधीं तीच अंथरूण धरते. निदान दोघांनीं हें काम शिकावें आणि त्यांतील एक मुलगा असावा. वडिलांची पिशवी बदलणें पुत्रास कमीपणाचें वाटण्याचें कारण नाहीं; उलट वडिलांचा संकोच त्यानें कमी होतो. एक वही ठेवावी: अन्न किती व केव्हां दिलें, गॉझ किती वेळां भिजला, शौच झालें कीं नाहीं, त्वचा कशी दिसली. आठ दिवसांची अशी वही डॉक्टरांस तासाभराच्या विचारपुशीहून अधिक सांगते.

सोंवळ्याच्या किंवा वासाच्या कारणानें रोग्याचें अंथरूण माजघरांतून मागच्या पडवींत जातें, असें अजूनही कांहीं घरांत घडतें. पिशवी नीट लावलेली व वेळच्या वेळीं रिकामी केलेली असली तर वासाचें कारण उरत नाहीं. पाहुणे येण्याआधीं ती रिकामी करावी, चारचौघांसमक्ष तिची चौकशी करूं नये, आणि पानें मांडलीं म्हणजे रोग्याची खुर्चीही पंगतीजवळ असावी. ‘शुश्रूषा’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. आज कोठें झोंबतें, केव्हां अधिक झोंबतें, हें रोग्यास रोज विचारावें व तो सांगेल तें खरें मानावें. डाग दिसण्याच्या आधीं आग त्यालाच कळते.

मदत मागण्यांतही लाज नाहीं. लंडन येथें सिसिली साँडर्स यांनीं १९६७ सालीं सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केलें, तेव्हांपासून रोग बरा होत नसला तरी रोग्याचें दुःख हलकें करणें हें वैद्यकाचें कर्तव्य मानलें जाऊं लागलें. मुंबईस वांद्रें येथें शांति अवेदना सदन १९८६ सालीं निघालें. केरळांत कोळिकोड येथें १९९३ पासून हें काम चालूं झालें व पुढें तेथील शेजाऱ्यापाजाऱ्यांनींच तें घरोघर नेलें. पुण्यास वारजें येथें १९९७ पासून सिप्लाचें केंद्र आहे. अशा सेवेस उपशामक सेवा म्हणतात. तिच्या परिचारिका त्वचेची ही काळजी नित्य घेत असतात. कर्करोगाच्या इस्पितळांत तिची चौकशी अवश्य करावी.

अन्न किती घालावें?

आतां एक अवघड गोष्ट. अखेरच्या दिवसांत शरीर अन्न घेईनासें होतें. जठर पुढें ढकलीत नाहीं आणि घातलेलें अन्न नळीच्या कडेनें परत येतें. घरचीं माणसें मात्र “उपाशी कसें ठेवावें?” म्हणून नेमलेलें माप पुरें करीत राहतात. घांस भरविणें हेंच आपल्याकडे मायेचें रूप, त्यामुळें हात आखडणें फार कठीण जातें. परंतु जें अन्न अंगीं लागत नाहीं, तें पोट फुगवितें, मळमळ आणतें आणि त्वचा जाळतें. अशा वेळीं माप कमी करावें किंवा कसें, हें डॉक्टरांशीं उघडपणें बोलावें, आणि रोग्यास बोलतां येत असेल तर आधीं त्यास विचारावें. भूक त्या अवस्थेंत बहुधा उरलेली नसते. तोंड कोरडें पडतें, तें ओल्या बोळ्यानें पुसावें, ओंठांस स्निग्ध कांहीं लावावें. पूर्वीं भरविण्यांत जाणारा वेळ हात हातांत घेऊन जवळ बसण्यांत घालवावा.

अखेरपर्यंत त्वचा कोरडी व अभंग राखणें ही गोष्ट लहान दिसते. पण जो माणूस आगीवांचून कुशीवर वळूं शकतो, त्यास झोंप लागते. ज्यास झोंप लागली आहे, तो सकाळीं नातवंडास जवळ बोलावतो. रोग बरा करणें आपल्या हातीं नाहीं. एवढें मात्र कोमट पाणी, कोरडें फडकें व जस्ताचें मलम यांच्या साहाय्यानें आजच्या आज सुरू करण्याजोगें आहे.